संपतची मान, दोन उत्तरं

फिजिओथेरपी म्हणजे नक्की काय, हे सांगून सांगून नेरूळमध्ये सुरुवातीला माझाच घसा बसला होता. कोणी म्हणे मालिश, कोणी म्हणे शेक. मी तळमजल्यावरचा गाळा घेतला तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली की खाली व्यायामशाळा निघते आहे, सभासदांनी हरकती कळवाव्यात. हरकत एकाचीही आली नाही. उलट तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मुलाचं नाव घालायला आले आणि डंबेल्स कुठे आहेत म्हणून पडद्यामागे डोकावून गेले.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. माझ्याकडे एक उंच टेबल, शेक देण्याचं एक यंत्र, मान ओढायचं वजनाचं एक साधन आणि एक स्टॉपवॉच एवढंच होतं. स्वभाव तापट. पेशंटने सांगितलेला व्यायाम केला नसेल तर मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळायचं आणि मग त्याची धडगत नसायची. माझ्या यजमानांच्या मते लोक बरे होत ते व्यायामाने नव्हे, माझ्या भीतीने. असेलही. मला त्याची लाज वाटत नाही.

गुडघे, कंबर, लकवा, सगळंच येत असे, पण माझं मन रमलं ते मानेत. मान दुखली की माणूस मागून दाबतो. पण मानेचा खरा आधार पुढे असतो, घशाच्याही मागे, मणक्याला चिकटलेल्या बारीक स्नायूंचा. ते चाचपता येत नाहीत, एक्स-रेत दिसत नाहीत. मानेला मार बसला की पहिले तेच काम सोडतात आणि बाहेरचे दांडगे स्नायू त्यांचा भार ओढू लागतात. माणूस वरवर बरा दिसतो. वजन आलं की मात्र मान दगा देते.

हे आतले स्नायू किती दमाचे आहेत ते पाहायची एक सोपी परीक्षा आहे. माणसाला उताणं झोपवायचं, गुडघे वाकवून. उशी नाही. हनुवटी घशाकडे ओढून घ्यायला सांगायची आणि तशीच ठेवून डोकं गादीपासून दोन बोटं वर उचलायचं. मग धरायचं. मी स्टॉपवॉच दाबणार. डोकं खाली आलं की थांबवणार. करून पाहा. वाटतं तेवढं सोपं नाही.

माणसांचे नमुने त्या टेबलावर कळत. सीवूड्सचे एक बँक ऑफिसर डोकं उचलायच्या आधीच घोरायला लागले होते. करावे गावातली एक कोळीण होती, आयुष्यभर डोक्यावर टोपली घेऊन फिरलेली. खांदा दाखवायला आली होती, मी हौसेने तिची मान पाहिली. ती धरून राहिली ती राहिलीच. मी घड्याळाकडे पाहते आहे, ती छताकडे पाहते आहे. शेवटी म्हणाली, "बाय, आजून किती येल धरू? माजं मावरं घरी तसंच परलंय." मासळी नासायला नको म्हणून मी हसत हसत घड्याळ बंद केलं. तिची मान किती वेळ टिकली असती ते मला कधीच कळलं नाही.

अशा गमतीत दिवस जात असताना संपत आला.

संपत तुर्भ्याच्या धान्य मार्केटमधला हमाल. साताऱ्याकडचा, जावळीच्या डोंगरातला. वय पस्तिशीचं, अंगाने सडपातळ, बोलायला कमी. ट्रकमधून पोती उतरवताना वरची थप्पी घसरली आणि एक पोतं त्याच्या मानेवर आलं. हाड मोडलं नाही हे नशीब. कॉलर लावून तो गावी पडून राहिला आणि मग त्याच्या टोळीचे मुकादम शंकरराव त्याला घेऊन माझ्याकडे आले.

टोळी म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. मार्केटमध्ये हमाल सुटा काम करत नाही. दहा-बारा जणांची टोळी असते, बहुधा एकाच गावची. माल सगळ्यांनी मिळून उतरवायचा आणि मजुरी सारखी वाटून घ्यायची. जो दांडगा त्याला जास्त, जो अशक्त त्याला कमी, असं नाही. त्यामुळे टोळीत कोणी कोणाच्या पुढे पळत नाही. टोळीतली जागा म्हणजे घरातली जागा. ती एकदा गेली, गावाकडचा दुसरा माणूस तिथे आला, की परत मिळणं कठीण.

संपतने पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं, "बाई, मला टोळीत परत जायाचंय. ते सोडून काय बी सांगा."

मी त्याला महिनाभर व्यायाम दिले. दुखणं गेलं, मान वळू लागली. मग परीक्षा घेतली. शंकरराव आणि टोळीतले आणखी दोघं-तिघं टेबलाभोवती उभे. संपतने डोकं उचललं आणि सगळे एका सुरात सुरू झाले, "धर! धर रं संपत! सोडू नगंस!" त्यांच्यात माझाही आवाज होता. मला सवयच होती, पेशंटला शाबासकी देऊन आणखी थोडं काढून घ्यायची. संपतने छान धरलं. मी खुशीत कागद लिहून दिला की मानेची ताकद पुरेशी आहे, कामावर जायला हरकत नाही.

पण हमालांच्या नोंदणीच्या ऑफिसातले डॉक्टर शहाणे होते. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाला एका कागदावर कामावर पाठवायला ते तयार नव्हते. त्यांनी संपतला वाशीला दुसऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तीच परीक्षा, तोच माणूस, तोच आठवडा. उत्तर आलं माझ्या निम्म्याने. शेरा होता: कामास योग्य नाही.

डॉक्टरांनी मला बोलावून दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. "मॅडम, मला कोणाची बाजू घ्यायची नाही. एका मानेची दोन उत्तरं आली, तर मी सही कशावर करू? तुम्ही दोघं मिळून एक उत्तर आणा. आणि ते असं हवं, की उद्या तिसऱ्या कोणी तपासलं तरी तेच येईल. नाहीतर या परीक्षेचा मला उपयोग नाही."

वाशीचा फिजिओथेरपिस्ट म्हणजे हेमंत. माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा, दादरहून नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेला. मी त्याच संध्याकाळी त्याच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिले. मला पाहून तो उठलाच.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. मी तुमच्या अगेन्स्ट नाही लिहिलं. तुमचा कागद मी बघितलाच नव्हता. जे दिसलं ते लिहिलं."

"तुला कमी दिसलं."

"तुम्हाला जास्त दिसलं असेल," तो म्हणाला, आणि जीभ चावली.

मी चप्पल काढली आणि त्याच्या टेबलावर उताणी झोपले. "घे माझी."

त्याने माझी घेतली. मग मी त्याची घेतली. मग एकमेकांना घड्याळ न दाखवता पुन्हा घेतली. त्याच्या रिसेप्शनवरच्या मुलीला दोन्ही डॉक्टरांचं डोकं फिरलं असंच वाटलं असणार. पण दोन तासांत आम्हाला आमच्या दोन उत्तरांचं मूळ सापडलं. डोकं खाली टेकलं की मी घड्याळ थांबवत होते. हेमंत थांबवत होता ते हनुवटी पुढे आली की. हनुवटी पुढे आली म्हणजे आतल्या स्नायूंनी हात टेकले आणि बाहेरच्यांनी काम उचललं, हे त्याचं म्हणणं, आणि ते रास्त होतं. दुसरं, मी पेशंटला ओरडून चेव आणत होते. तो खोलीत टाचणीचा आवाज होऊ देत नव्हता. तिसरं, मी थेट परीक्षा घ्यायचे, तो आधी एकदा सराव करून घ्यायचा आणि दम खाऊ द्यायचा.

दोघंही आपापल्या परीने बरोबर होतो. पण आमच्या दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा लटकली होती, आणि आपापल्या परीने बरोबर असून तिला काही उपयोग नव्हता. आम्ही नियम ठरवले. पेशंट कसा झोपणार, त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं, तपासणाऱ्याने हात डोक्याखाली कुठे ठेवायचा, गळ्याच्या वळीवर पेनने रेघ काढायची म्हणजे हनुवटी सरकली की लगेच कळेल. घड्याळ कधी सुरू, कधी बंद. आणि सर्वात कठीण नियम माझ्यासाठी होता: तपासताना तोंड बंद.

एवढं झालं तरी एक प्रश्न उरला. किती वेळ धरलं म्हणजे पुरेसं? माझी मान आणि हमालाची मान सारखी कशी असेल? मी शंकररावांना निरोप पाठवला की रविवारी मार्केट बंद असेल तेव्हा सगळी टोळी घेऊन या. धडधाकट हमालांची मान किती टिकते ते पाहू, मग संपत त्यात कुठे बसतो ते कळेल.

रविवारी टोळी आली. सगळे आंघोळ करून, धुतलेले पायजमे घालून, लग्नाला यावं तसे. माझ्या दवाखान्यात साफसफाईला सारसोळ्याची हिराबाई होती. तिने सगळ्यांना चहा दिला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, हे येवढे मानूस आजारी हायेत?" मी म्हटलं, आजारी एकच आहे, बाकीचे त्याच्यासाठी आलेत.

आतल्या खोलीत मी, बाहेरच्या खोलीत पडद्याआड हेमंत. प्रत्येक माणूस आधी एकाकडे, मग विश्रांती, मग दुसऱ्याकडे. मी काय मोजलं ते हेमंतला ठाऊक नाही, त्याने काय मोजलं ते मला नाही. संपतही त्यातच. दुपारी आम्ही दोघांचे आकडे शेजारी मांडले आणि मी टाळीच वाजवली. माझे आणि हेमंतचे आकडे जवळजवळ तेच. एका माणसाची दोन उत्तरं आता निघत नव्हती. आणखी आनंद असा, की संपत आणि टोळीतले धडधाकट गडी यांच्यात फरकच नव्हता. संपत पास होता. मी हिराबाईला पेढे आणायला पाठवलं. हेमंत म्हणाला, "मॅडम, एकदम पर्फेक्ट." मी दोन पेढे खाल्ले.

पेढ्यांची चव तोंडात होती तोवर ठीक होतं. संध्याकाळी स्वयंपाक करताना मला टोळीतला बाजीराव आठवला. बाजीरावची मान म्हणजे तालमीतल्या पैलवानाची. कान कुठे संपतो आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळू नये अशी. या बाजीरावने आणि काडीसारख्या मानेच्या संपतने सारखाच वेळ धरावं? मी पोळी तव्यावर ठेवून उभी राहिले. दम संपत आला की मान थरथरते, श्वास अडकतो, हनुवटी पुढे येते. संपतची थरथरली होती. बाकी कोणाचीही थरथरली नव्हती. ठेवायची वेळ झाली म्हणून एखादी वस्तू जागेवर ठेवावी तशी सगळ्यांनी डोकी खाली ठेवली होती. आणि बाजीरावचं बोट टेबलाच्या कडेवर हळूहळू टकटक करत होतं, ते मी पाहिलं होतं. घड्याळाकडे बघण्याच्या नादात मनावर घेतलं नव्हतं.

पोळी करपली. मला राग आला आणि रडूही आलं.

सकाळी मी तुर्भ्याला गेले. मार्केटमध्ये बायका येत नाहीत असं नाही, पण पांढरा कोट घालून कोणी येत नसावं. मी रागाच्या भरात कोट अंगावरच ठेवला होता. गाळ्यासमोर ट्रक उभा होता, टोळी पोती उतरवत होती. एकत्र जोर लावताना ते मोठ्याने आकडे म्हणत, सगळ्यांचे हात एकाच आकड्याला उचलले जात. मी ते ऐकलं आणि माझा उरलासुरला संशयही गेला. पिढ्यान्‌पिढ्या एका तालात मोजणारी माणसं. त्यांना मनातल्या मनात एका आकड्याला डोकं खाली ठेवणं काय कठीण?

"मुकादम, इकडे या," मी म्हटलं. "काल तुम्ही सगळ्यांनी ठरवून मान खाली ठेवली. खरं की खोटं?"

शंकरराव गोंधळले नाहीत, की लाजलेही नाहीत. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "व्हय बाई. संपत रातच्याला खोलीवर मान उचलून बघत व्हता, आमी मोजलं. त्यो जेवढा धरतो तेवढंच समद्यांनी धरायचं, त्याच्या म्होरं कुनी जायाचं न्हाई, असं ठरलं. त्यात काय वंगाळ झालं? टोळीत एकाच्या म्होरं दुसरा जात न्हाई."

त्या क्षणी मला त्यांना ओरडावंसं वाटलं आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं. इतकं निर्मळ मन घेऊन त्यांनी माझ्या सगळ्या कष्टावर पाणी ओतलं होतं. समोर गाळ्यात मोठा वजनकाटा होता. मी त्यांना तिकडे नेलं.

"समजा, हा काटा भरलेलं पोतं ठेवलं तर शंभर दाखवतोय. अर्धं रिकामं ठेवलं तरी शंभर. दर वेळी न चुकता शंभर. तुमचा शेठ हा काटा ठेवील?"

"इकून टाकंल."

"मग काल तुम्ही माझा तसा काटा केलात. डॉक्टर हे आकडे पाहतील आणि म्हणतील, या परीक्षेत धडधाकट कोण आणि जखमी कोण तेच कळत नाही. परीक्षा जाईल केरात. मग संपतकडे राहिलं काय? आणि समजा त्यांनी विश्वास ठेवला. संपत उद्या इथे पोतं घेऊन उभा राहिला आणि मान गेली, तर तो जन्माचा अंथरुणाला खिळेल. त्याच्या म्होरं न जाता तुम्ही त्याला खड्ड्यात पोचवाल."

शंकररावांनी तळहाताने काटा दाबून पाहिला आणि सोडला. मग म्हणाले, "आयतवारी परत येतो. समद्यास्नी सांगतो, ज्यानं त्यानं आपापली मान धरायची."

पुढच्या रविवारी चहा आधी दिला नाही. कोणी हसलं नाही. तपासणी सुरू झाली आणि मला प्रथमच हमालाची मान म्हणजे काय ते दिसलं. बाजीरावने इतका वेळ धरलं की हेमंत पडद्याआडून डोकावून गेला. शंकरराव वयाने सर्वांत मोठे, त्यांची मान थरथरायला लागली, कपाळावर शीर उठली, तरी त्यांनी हनुवटी सोडली नाही. मी ओठ दाताखाली धरून गप्प बसले. हेमंतचे आणि माझे आकडे पुन्हा जुळले, आणि या वेळी ते माणसागणिक वेगळे होते. काटा आता वजन दाखवत होता.

शेवटी संपत. टोळीत सर्वांत कमी शंकररावांचं होतं. संपत त्यांच्या निम्म्यावर थरथरला आणि हनुवटी पुढे आली. माझ्याकडेही, हेमंतकडेही.

मी त्याला समोर बसवून सांगितलं. टोळी दारात उभी होती. शंकरराव हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, कागुद तुमच्या हातात हाय."

"कागद माझ्या हातात आहे, मान त्याची आहे," मी म्हटलं. "मी लिहिणार नाही."

संपत आतापर्यंत माझ्याशी वर मान करून बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. "मागल्या टायमाला तुमीच बरा हाय म्हून लिवलं व्हतं. आता न्हाई म्हन्ता. मी तोच हाय, मान तीच हाय. तुमच्या घड्याळाच्या नादानं माझी जागा जानार!" आणि तो निघून गेला. मला फार वाईट वाटलं. ज्या परीक्षेला मी पायावर उभं केलं, तिने पहिला निकाल त्याच माणसाच्या विरुद्ध दिला होता. पण मी तो बदलायला तयार नव्हते. बदलला असता तर मग आम्ही एवढे दिवस केलं काय?

काही दिवसांनी तो आला. दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसला होता.

"काय करायाचं त्ये सांगा."

मी सांगितलं. रक्तदाब मोजायचा पट्टा घडी करून मानेखाली ठेवायचा, त्यात थोडी हवा भरायची. नुसती हनुवटी किंचित आत घेतली की काटा जरासा चढतो, तेवढाच चढवायचा आणि धरायचा. जोर लावला की काटा उडतो, म्हणजे बाहेरच्या स्नायूंनी घुसखोरी केली. क्विंटलची पोती उचलणाऱ्या माणसाला काटा जरासाच हलवायला सांगणं हा छळ होता. त्याला कपाळावर घाम यायचा. "ह्याच्यापरीस ट्रक रिकामा करीन," तो म्हणायचा. मी म्हणायचे, "कर. पण आधी हे." आमची रोज वादावादी व्हायची आणि तो रोज यायचा. इकडे टोळीने त्याच्या जागी गावाकडचा माणूस आणला नव्हता. त्याच्या वाटचं वजन बाकीचे ओढत होते. शंकररावांनी एवढंच सांगून ठेवलं होतं, की नवा गहू यायला लागला की त्यांना हात कमी पडतील. त्यापुढे त्यांचाही इलाज नाही.

गहू यायच्या जरा आधी आम्ही परीक्षा घेतली. आधी हेमंतने, दुसऱ्या दिवशी मी. खोलीत चिडीचूप. संपतने डोकं उचललं आणि मला त्याच्या गळ्यावरची पेनची रेघ दिसत राहिली, हलली नाही. शंकररावांचा आकडा मागे पडला. माझ्या तोंडून "शाब्बास" निघणार होतं, मी पदराचा बोळा तोंडात धरला. हेमंतचं आणि माझं उत्तर एकच होतं.

आम्ही डॉक्टरांना लिहून दिलं आणि शेवटी मी माझ्या हाताने दोन ओळी जास्त लिहिल्या. दोघांचं उत्तर जुळतं याचा अर्थ एवढाच, की ही मान आज किती टिकते ते आम्ही नीट मोजलं आहे. उताणं झोपून टिकणारी मान पोत्याखाली टिकेलच, हे आमचं घड्याळ सांगू शकत नाही. हेमंत म्हणाला, "मॅडम, हे कशाला? आपणच आपल्यावर डाऊट घ्यायचा?" मी म्हटलं, असू दे. ते खरं आहे. आजही मला त्या दोन ओळींपलीकडे काही ठामपणे सांगता येत नाही, आणि इतकी वर्षं हे काम करून एवढंच सांगता यावं याची मला रुखरुख आहे.

डॉक्टरांनी शब्द पाळला. त्यांनी संपतला आमचे नियम देऊन ठाण्याला तिसऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, जिला मी ओळखत नव्हते आणि जिने संपतचं नाव ऐकलं नव्हतं. तिने जे मोजलं ते खरं धरायचं; ते पुरेसं भरलं तरच डॉक्टरांची सही, आणि सहीशिवाय संपतला पोत्याला हात लावता येणार नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी संपत यायला हवा होता. आला नाही. मी दवाखाना बंद करायला उशीर केला, हिराबाई दोनदा कुलूप घेऊन उभी राहिली. तो हरला असणार आणि तोंड दाखवायला नको म्हणून आला नाही, असं मी धरून चालले. रात्री जेवण गेलं नाही. ठरवलं, उद्या त्याला शोधून आणायचा आणि पुन्हा पट्टा मानेखाली घालायचा. गहू येवो नाहीतर न येवो.

सकाळी मी मार्केटला गेले. गव्हाचे ट्रक रांगेने लागले होते, गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. शंकरराव कुठे दिसतात का ते मी पाहत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाजू! बाजू! ओ बाई, बाजूला व्हा!" पोतं पाठीवर असलं की मान खाली असते, समोरच्याचे फक्त पाय दिसतात. माझे पाय त्याने ओळखले नाहीत.

मी बाजूला झाले आणि संपत पोतं घेऊन माझ्यासमोरून गाळ्यात गेला.